तांब्याच्या सेंटवरची पातळ कातडी

लिंकनची जन्मशताब्दी होती म्हणून १९०९ साली अमेरिकेने त्याचा चेहरा एक सेंटच्या नाण्यावर आणला. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. त्याची व्ही.डी.बी. ही आद्याक्षरं मागच्या बाजूला तळाशी होती. ती फार ठळक दिसतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली गेली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत या अक्षरांची ४,८४,००० नाणीच पाडून झाली होती. सालाखाली ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्कोची खूण) आणि मागे व्ही.डी.बी. असलेला हा सेंट आजही संग्राहकांचं स्वप्न आहे.

पण किंमत फक्त दुर्मीळपणावर ठरत नाही, पृष्ठभागावरही ठरते. या सेंटमध्ये ९५ टक्के तांबं, बाकी कथिल आणि जस्त. नवं नाणं नारिंगी-लाल झळकतं. पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर आधी लालसर क्युप्रस ऑक्साइड आणि मग काळं क्युप्रिक ऑक्साइड साचतं. गंधकाची संयुगं भेटली की सल्फाइडही. म्हणून जाणकार या नाण्यांचे लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे गट करतात. एकाच सालाच्या, सारख्याच न झिजलेल्या दोन नाण्यांत लाल नाण्याला बऱ्याचदा कितीतरी जास्त पैसे मिळतात.

मग काळवंडलेलं नाणं तांब्याच्या भांड्यासारखं चिंच लावून घासावं का? मुळीच नाही! आम्ल ऑक्साइड विरघळवतं आणि खालचा धातू उघडा पडतो. ठसा दाबला जाताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, आणि नाण्याची खरी झळाळी या रेषांमुळेच असते. घासताना त्याच जातात. उरतो तो अनैसर्गिक गुलाबी रंग, अनुभवी डोळ्याला लगेच खटकणारा. बोटांच्या घामातले क्षार आणि आम्लंही तांब्यावर कायमचे डाग पाडतात, म्हणून नाणं कडेनेच धरायचं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतही ते ठेवू नये. त्यांतून सुटणाऱ्या आम्लाने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

बनावट नाणी ओळखण्याच्या युक्त्या मला विशेष आवडतात. १९४३ साली, युद्धात तांबं वाचवण्यासाठी, सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले. चुकून तांब्यावर पडलेले मोजकेच, म्हणून लबाड लोक पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा देतात. लोहचुंबक लावला की ते उघडं पडतं.

१९१४ चा डेन्व्हरच्या टांकसाळीतला सेंटही दुर्मीळ, त्यामुळे १९४४ च्या नाण्यातला पहिला ४ कोरून १ करतात. अशा वेळी भिंगातून लिंकनचा खांदा बघावा. ब्रेनरची आद्याक्षरं १९१८ साली तिथे बारीक अक्षरांत परत आली, त्यामुळे १९१४ च्या नाण्यावर ती दिसली तर साल नक्की बदललेलं आहे.