टॉर्चमध्ये ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ आलंय? दुसऱ्यांदा रक्त देण्याआधी एवढं वाचा

गरोदरपणातली टॉर्च तपासणी कशासाठी करतात हे आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या बहुतेकांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही, हर्पिस आणि ‘इतर’ या सदरात सिफिलिस, कांजिण्या वगैरे. आईकडून पोटातल्या बाळाला लागू शकणारे हे संसर्ग, म्हणून ते पुन्हा समजावत बसत नाही. घोळ होतो तो रिपोर्ट हातात पडल्यावर. आयजीएम, म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर सुरुवातीला बनवतं ते प्रतिपिंड (अँटिबॉडी), त्यासमोर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की त्याच संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं, दोन दिवसांनी तिसऱ्या, आणि मग तिन्ही कागद आमच्या काउंटरवर येतात: “यातला खरा कुठला?”

बहुतेक वेळा तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवून वाचता येत नाहीत. टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीजीचंच, म्हणजे नंतर बनून टिकून राहणाऱ्या प्रतिपिंडाचंच घ्या. एका कंपनीच्या किटवर 3 च्या पुढे पॉझिटिव्ह धरतात, दुसरीच्या किटवर 8 च्या पुढे. त्यामुळे “तिकडे 4 होतं, इकडे 9 आलं, म्हणजे वाढतंय” हा हिशोब चुकीचा आहे. यात नुसते पैसे जात नाहीत, दिवस जातात, आणि गरोदरपणात दिवसच मोजून मिळालेले असतात.

आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. टॉक्सोप्लाझ्माचं आयजीएम काही जणींच्या रक्तात वर्षभर, क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळतं. म्हणजे संसर्ग दिवस जाण्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असू शकतो. सीएमव्हीचा जुना विषाणू पुन्हा जागा झाला तरी आयजीएम दिसतं. कधी भलत्याच आजारामुळे खोटं पॉझिटिव्ह येतं.

संशोधकांनाही हा पेच पडला होताच. त्यावर फिनलंडच्या क्लाउस हेडमन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये टॉक्सोप्लाझ्मासाठी एक वाट दाखवली. संसर्ग नवा असताना आयजीजी जंतूला सैल धरतं, काही महिन्यांनी ती पकड घट्ट होते. ही पकड मोजणं म्हणजे अ‍ॅव्हिडिटी टेस्ट. पकड घट्ट निघाली तर संसर्ग साधारण 4 महिन्यांपेक्षा जुना. सैल निघाली तर मात्र तो नवाच आहे असं सिद्ध होत नाही, कारण काहींची पकड बरेच महिने सैलच राहते.

आता वेळेचं गणित बघा. 9व्या आठवड्यात पकड घट्ट असेल तर संसर्ग गरोदरपणाआधीचा, डोक्यावरचं ओझं उतरलं. तीच टेस्ट 25व्या आठवड्यात केली तर सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. म्हणून पहिला नमुना मोलाचा, आणि म्हणूनच आम्ही उरलेलं सिरम (रक्तातला पातळ भाग) गोठवून ठेवतो. डॉक्टरांनी अ‍ॅव्हिडिटी लिहून दिली तर ती त्याच नमुन्यावर होते. 2 ते 3 आठवड्यांनी दुसरं रक्त घेतलं की जुना आणि नवा नमुना एकाच वेळी, एकाच किटवर लावतो. “जुनं परत तपासून बिल वाढवता” असं आम्हाला ऐकवलं जातं. पण शेजारी शेजारी लावल्याशिवाय आकडा खरंच चढला का, हे सांगता येत नाही. पहिली तपासणी दुसरीकडे झाली असेल तर आधी तिथे फोन करून नमुना शिल्लक आहे का विचारा. असेल तर दुसरं रक्त तिथेच द्या, आमच्याकडे येऊ नका.

येताना शेवटच्या पाळीची तारीख आणि सगळे जुने रिपोर्ट आणा. ‘चौथा महिना चालू’ एवढ्यावर आमचं भागत नाही. टॉक्सोप्लाझ्मा सुरुवातीच्या महिन्यांत बाळापर्यंत कमी वेळा पोचतो, पण पोचला तर जास्त नुकसान करतो. शेवटच्या महिन्यांत नेमकं उलटं. रुबेलाचा मुख्य धोका पहिल्या 12 आठवड्यांतला. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या 78 बाळांची नोंद मांडली, तेव्हा त्यातल्या बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. पोटातल्या बाळाला आईच्या विषाणूने इजा होते हे तिथून जगाला कळलं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवरचे आकडे चुकतात.

आमच्याच धंद्याविरुद्ध एक गोष्ट. काही लक्षण नाही, सोनोग्राफी ठीक आहे, तरी ‘खात्रीसाठी’ पूर्ण पॅनेल करायला कुणी आलं तर आम्ही आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. हर्पिसच्या आयजीएमने तर बहुतेकदा नुसती झोप उडते. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांचं तसं नाही. त्या तपासण्या प्रत्येक गरोदरपणात लवकर करा, कारण त्यांवर बाळाला वाचवणारे उपाय हाताशी आहेत.

बाळाची सीएमव्ही तपासणी सांगितली असेल तर रक्त नको, लघवी किंवा लाळेचा नमुना लागतो, आणि तोही जन्मापासून 21 दिवसांच्या आत. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटात लागला की बाहेर, हे वेगळं काढता येत नाही. नमुन्याची बाटली काउंटरवर मागा, प्रसूतीआधीच नेऊन ठेवली तर उत्तम.