गणेशपट्टी लिलावात देण्याआधी: जुन्या वस्तूंची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा बिल्डरच्या माणसांआधी जुनं सामान घेणारा येऊन पोचला. घंगाळ, हंडे, परात सगळं त्याने किलोवर मोजलं. मग त्याची नजर माजघराच्या दारावर गेली. तिथे सागवानी गणेशपट्टी होती, पावणेतीन फूट लांब, मधोमध गणपती आणि दोन्ही अंगांना वेलबुट्टी. दर दिवाळीला तिच्यावर ऑइलपेंटचा एक हात बसायचा, त्यामुळे सोंडेच्या वळ्या पार बुजून गेल्या होत्या. "चार हजार देतो. कागदबिगद काही लागत नाही," तो म्हणाला. माझी शंका तिथेच जागी झाली, कारण इतर कशालाही भाव करणारा हा माणूस या एका वस्तूला घासाघीस न करता चार हजार द्यायला तयार होता.

कागद लागतो. ठाणे-नवी मुंबईत सध्या जुनी घरं पडताहेत, कोकणातली सामाईक घरं विकून भाऊबंद वाटण्या करताहेत, आणि फ्लॅटमध्ये न मावणारं सगळं लिलावात किंवा दलालाकडे जातंय. म्हणून मी जे हेलपाटे घातले ते इथे लिहून ठेवते.

आधी वय बघा, किंमत नंतर

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972. तो लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. त्याच्या दृष्टीने नाणं, शिल्प, चित्र, शिलालेख, कारागिरीची वस्तू, इमारतीतून सुटा केलेला भाग, असं काहीही किमान 100 वर्षांचं असेल तर ती पुराणवस्तू. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना मर्यादा 75 वर्षांची. म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतली मोडी कागदपत्रं तुम्हाला 'तशी फार जुनी नाहीत' वाटली, तरी कायद्याला ती पुरेशी जुनी असू शकतात.

'कलानिधी' हा वेगळा प्रकार. तिथे वयाची अट नाही. हयात नसलेल्या ज्या कलावंतांची कामं केंद्र सरकारने तशी जाहीर केली, ती त्यात येतात. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशी ती नावं. आपल्याकडे निम्म्या घरांत 'मूळ रविवर्मा' असतो. तो बहुतेक वेळा छापील असतो: रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई आहे हे समजा आणि लिलावाची स्वप्नं थोडी आवरा. जुन्या छापील चित्रांनाही गिऱ्हाईक असतं, पण त्यांचा भाव निराळा.

नोंदणी सगळ्याच वस्तूंची नसते

लोक इथेच घोळ घालतात. पुराणवस्तू असणं एक आणि तिची नोंदणी सक्तीची असणं दुसरं. सरकारने अधिसूचनेने जे प्रकार नेमून दिलेत, त्यांचीच नोंदणी करावी लागते. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड यांतली शिल्पं. कागद, लाकूड, कापड, कातडं, रेशीम अशा कशावरचीही चित्रं. चित्रं किंवा नक्षीकाम असलेली हस्तलिखितं. आणि ज्यांवर आकृती व नक्षी दोन्ही कोरलेली आहेत अशा लाकडी वस्तू. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी कपाळावर हात मारला, कारण गणपती ही आकृती आणि वेलबुट्टी ही नक्षी. आमची पट्टी नेमकी त्यात बसत होती.

उलट नुसत्या वेलबुट्टीची तुळई, आकृती नसलेला खांब, साधी पोथी, शिवराईसारखी नाणी यांची नोंदणी लागत नाही. पण वय झालं असेल तर पुराणवस्तू त्याही आहेतच, त्यामुळे देशाबाहेर जाऊ शकत नाहीत.

देव्हाऱ्यातल्या टाकांबद्दल मला स्वतःला बरेच दिवस प्रश्न होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा हे धातूचं शिल्प म्हणायचं की नाही? असा संशय आला की कायद्याच्या कलम 24 कडे जायचं. एखादी वस्तू पुराणवस्तू आहे की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ठरवतो आणि तो निर्णय अंतिम असतो. दलालाचं 'हे काय, तीस-चाळीस वर्षांचं आहे' हे मत तिथे चालत नाही. आणि खरं सांगायचं तर कुळाचे टाक विकू नयेत असंच माझं मत आहे. ते कायद्यात नाही, आमच्या आईच्या बोलण्यात आहे.

अर्ज कोण करतो, कुठे आणि केव्हा

वस्तूची मालकी, ताबा किंवा देखरेख ज्याच्याकडे आहे तो अर्जदार. भारतीय नागरिकत्वाचा दाखला, उत्पन्नाची अट वगैरे भानगड नाही. मुदत मात्र कडक आहे: वस्तू तुमच्याकडे आली त्या तारखेपासून 15 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज गेला पाहिजे. वारसाहक्काने आलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे कुणालाच माहीत नसतं. आमचीही मुदत केव्हाच उलटली होती. वस्तू केव्हापासून घरात आहे, कायदा आत्ता कळला, असं स्वच्छ लिहून अर्ज केला. तारखा खोट्या टाकू नका. पुढे लिलावात हेच कागद दहा जण वाचतात.

ठाणे जिल्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळात येतो. अंबरनाथचं शिवमंदिर सांभाळतं तेच हे मंडळ, आणि त्याचं कार्यालय शीव किल्ल्यापाशी आहे. ठाण्याहून धिम्या लोकलने शीव स्टेशन, वाशीकरांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलायची. आपल्या भागासाठी नोंदणी अधिकारी सध्या कोण, हे तिथे आधी विचारून घ्या आणि मगच फाइल बांधा. वस्तू डोक्यावर घेऊन जाऊ नका. पाहणी करायची असेल तर तसं कळवतात.

फाइलमध्ये काय लावायचं

नोंदणीचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतो, त्याला 'नमुना सात' म्हणतात. वस्तूचं नाव, माध्यम, मापं, अंदाजे काळ, विषय, सध्याची अवस्था, कुठे ठेवली आहे, तुमच्याकडे कशी आणि केव्हा आली, हे त्यात लिहावं लागतं. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. मालकीसाठी खरेदीची पावती असेल तर उत्तमच, पण पणजोबांनी सुताराकडून पावती घेतलेली नसते. मग मृत्युपत्र, वारस दाखला, वाटणीपत्र, घराची जुनी कागदपत्रं, यांतलं जे आहे ते. आणि भावंडांची ना-हरकत. शेवटची गोष्ट कायद्यापेक्षा घरातल्या शांततेसाठी जास्त लागते. वस्तू एकाच्या नावावर नोंदली गेली की दुसऱ्याला ती 'सामाईक होती' हे हमखास आठवतं.

फोटोंचं महत्त्व सगळ्यात जास्त. अर्जाबरोबर ते जोडावेच लागतात, आणि कायद्यानुसार सहापेक्षा जास्त प्रती मागता येत नाहीत. मोबाइलवर सेल्फीसारखा फोटो काढू नका. साधी चादर मागे लावा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवा. समोरून, मागून, आणि खुणा जवळून. आमच्या पट्टीच्या मागच्या बाजूला हाती घडवलेला चौकोनी खिळा आणि वाळवीने खाल्लेली एक पट्टी होती. अधिकाऱ्यांनी पुढच्या गणपतीपेक्षा त्या मागच्या बाजूकडे जास्त वेळ पाहिलं. वय तिथे लपलेलं असतं. म्हणूनच विकण्याआधी रंग खरवडणं, चिंच लावून पितळ चकचकीत करणं, वार्निश मारणं, यातलं काहीही करू नका. आमच्या शेजारच्या काकांनी समईची शंभर वर्षांची झाक एका दुपारी पितांबरीने उतरवली.

अधिकारी चौकशी करून प्रमाणपत्र देतो. नाकारायचं असेल तर तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाकारता येत नाही.

आता मनातली भीती: नोंदणी केली की सरकार वस्तू उचलून नेईल का? नोंदणीने मालकी जात नाही. वस्तू घरातच राहते. सार्वजनिक जागी जतन व्हायला हवी असं वाटल्यास केंद्र सरकारला सक्तीने संपादन करण्याचा अधिकार कायद्यात आहे, पण मोबदला देऊन. दुसरी बाजूही लक्षात घ्या, की हे प्रमाणपत्र म्हणजे वस्तूच्या अस्सलपणाची किंवा किमतीची हमी नव्हे. नोंदणी न करणं किंवा हस्तांतर न कळवणं याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लिलावगृहाकडे जाताना

घरची एखादी वस्तू एकदा विकणाऱ्याला परवाना लागत नाही. पुराणवस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला मात्र कलम 5 खाली परवाना हवाच, आणि त्याने प्रत्येक वस्तूची नोंदवही व फोटो ठेवायचे असतात. म्हणून पहिला प्रश्न तुम्ही विचारा: परवाना दाखवता का? आमच्या चार हजारवाल्याला हे विचारलं आणि तो घंगाळ घेऊन निघून गेला.

करारात राखीव किंमत नीट वाचा. त्याखाली बोली आली तर वस्तू विकली जात नाही, पण मग विमा, वाहतूक आणि कॅटलॉगमधल्या फोटोचा खर्च कोणाच्या माथी, हे तिथेच लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडून कमिशन जातं आणि घेणाऱ्याकडून हातोडा पडलेल्या किमतीवर वेगळा आकार घेतला जातो. वर्तमानपत्रातला आकडा तुमच्या हातात येत नाही तो या दोन्हींमुळे. वस्तू विकली गेली की हस्तांतर झाल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला विहित नमुन्यात, मुदतीत कळवायचं. हे काम विकणाऱ्याचं आहे. लिलावगृह करील असं गृहीत धरू नका, लेखी घ्या.

प्राप्तिकर: वापरातलं फर्निचर आणि भांडी ही वैयक्तिक चीजवस्तू, त्यावर भांडवली नफा लागत नाही. पण दागिने, चित्रं, शिल्पं, पुरातत्त्वीय संग्रह आणि कुठलीही कलाकृती ही सवलत घेऊ शकत नाही. 24 महिन्यांहून जास्त काळ जवळ असलेल्या वस्तूवर दर 12.5 टक्के. वस्तू 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. आणि 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारू नका, दंड घेणाऱ्याला होतो.

जे लिलावात जाऊच शकत नाही

हस्तिदंती फणी, वाघाचं कातडं, शिंगं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली यांची विक्री बंद आहे. मालकी प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने पुढे जाऊ शकते, पैशाने नाही. जुनी तलवार किंवा ठासणीची बंदूक असेल तर आधी ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा, मगच फोटो कुणाला पाठवा. देवळातून आलेली मूर्ती 'आमच्याच घराण्याची' म्हणून विकू नये, ती देवस्थानची असते.

नाण्यांबाबत एक वेगळीच साथ आहे. 'वैष्णोदेवीचं नाणं द्या, दहा लाख घ्या' असे संदेश येतात, मग नोंदणी फी म्हणून दोन-तीन हजार मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत ती नाही आणि कसलीही फी घेत नाही. आणि 2016 मध्ये रद्द झालेल्या 500-1000 च्या नोटा आठवण म्हणून दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास किंवा नाणेसंग्रहासाठी 25.

पाया खणताना हंडा सापडला तर तो प्रकारच निराळा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि त्यात दहा रुपयांच्या वरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वाशी, ऐरोली, बेलापूर इथे सापडलं तर ठाण्याचे जिल्हाधिकारी. खारघर, कामोठे, उलवे इथे सापडलं तर रायगडचे, म्हणजे अलिबाग. एकाच नवी मुंबईत हे दोन वेगळे रस्ते आहेत.

शेवटी परदेशाचं. पुराणवस्तू बाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. खाजगी माणसाने नेली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू शंभर वर्षांची नाहीच असं वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुराणवस्तू नाही' असा दाखला घ्यायचा आणि तो सीमाशुल्क विभागाला दाखवायचा. एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणणं किती महाग पडतं, ते रघुजी भोसल्यांच्या तलवारीने दाखवलंच: एप्रिल 2025 मध्ये लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारला सुमारे 47 लाख रुपये मोजून ती सोडवावी लागली.

आमच्या न्यू जर्सीच्या पुतण्याला ती गणेशपट्टी त्याच्या दारावर हवी होती. त्याला नोंदणीसाठी काढलेल्या फोटोंतला एक मोठा करून, फ्रेम लावून पाठवला.