चीनमध्ये जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली का?

‘1978 नंतर चीनमध्ये जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची झाली’, हे टपरीपासून परिसंवादापर्यंत ऐकू येतं. झाली नाही. त्या वर्षी श्याओगांग गावात 18 शेतकऱ्यांनी चोरून कागदावर अंगठे उठवले खरे, पण सामूहिक शेतीतून घरोघर वाटून घेतली ती कसणूक. मालकी आजही गावसमूहाची. म्हणजे सातबारा नव्हे, मुदतीचा करार. शेत विकून शहरात घर घ्यावं, तर ती वाट बंद. शहरात मजुरी मिळते, पण ‘हुकोऊ’ म्हणजे कुटुंबाची सरकारी रहिवास-नोंद गावची, म्हणून पोरांची शाळा अडते. सुरुवातीला गाव-शहर उत्पन्नातली दरी घटली, हे मान्य. 1980च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र ती रुंदावत गेली आणि पुढे शहरी माणसाचं उत्पन्न खेड्यातल्याच्या तिपटीवर गेलं. हल्ली ते अडीचपटीच्या आत आलंय.