व्हायरसचा अलर्ट खरा कुठला, खोटा कुठला

"सारखं लाल काहीतरी येतंय, व्हायरस शिरलाय वाटतं," असं म्हणत लोक लॅपटॉप उघडून पुढ्यात ठेवतात, आणि बहुतेक वेळा त्यात व्हायरस नसतोच. असते ती कुठल्यातरी वेबसाइटने पाठवलेली नोटिफिकेशन. तोवर कुणीतरी फॉरमॅट मारून दिलेला असतो, वर्षभराचा अँटिव्हायरस गळ्यात मारलेला असतो आणि नातवंडांचे फोटो गेलेले असतात. मुलं बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत आणि आईबाबा पुण्यात सहकारनगरला किंवा कोथरूडला एकटे, अशा घरांत हे सर्रास होतं. खरा व्हायरस आणि वेबसाइटची नोटिफिकेशन ही दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, आणि तो फरक कुणीही शिकू शकतं, सत्तरीतली व्यक्तीसुद्धा.

अँटिव्हायरस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो, बऱ्याच घरांत पुण्याचंच क्विक हील असतं. घरच्या वापराला, अपडेट्स चालू असतील तर, माझ्या मते डिफेंडर पुरतो. विकतचा हवा असेल तर जरूर घ्या, पण एकच. दोन-दोन टाकून ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन रखडतं.

आता मुद्द्याचं. स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले" असं आलं की व्हायरस कुठला, किती धोक्याचा, हे प्रश्न नंतरचे. आधी बघायचं ते हे सांगतंय कोण. कॉम्प्युटरवर बसवलेला प्रोग्राम सांगतोय, की ब्राउझरमध्ये उघडलेली एखादी वेबसाइट? प्रोग्रामला तुमच्या डिस्कवरच्या फाइल वाचता येतात, म्हणून तो व्हायरस शोधू शकतो. वेबसाइटला तुमची डिस्क तपासता येत नाही. फाइल तुम्ही स्वतः निवडून अपलोड केलीत तर ती एक फाइल तिला दिसेल, बाकी काही नाही. म्हणजे वेबसाइट "स्कॅन केलं, व्हायरस सापडला" म्हणत असेल तर ते खोटंच असणार. अलका चौकात "तुमच्या घराला आग लागली आहे" असा फ्लेक्स लागला तर तो वाचून तुम्ही अग्निशमन दलाला फोन कराल का? फ्लेक्सला तुमचं घर दिसत नाही.

एवढं समजावलं तरी लोक एका ठिकाणी हमखास अडतात. "अहो, पण त्यात पुणे लिहिलं होतं. माझ्या इंटरनेट कंपनीचं नावही होतं. त्यांना कसं कळलं?" ही माहिती तुम्ही उघडता त्या प्रत्येक वेबसाइटला मिळते. तुमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर, तिला दिसतोच, आणि त्यावरून शहराचा आणि कंपनीचा अंदाज बांधता येतो. हवामानाची साइट न विचारता पुण्याचा पाऊस दाखवते, तेही असंच. यात कुणी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं नसतं. आणि ती भराभर पळणारी फाइलींची यादी, "सी ड्राइव्ह तपासत आहे" वगैरे, ते नुसतं हलतं चित्र असतं. तेच पान मोबाइलवर उघडलं तरी सी ड्राइव्ह तपासत बसतं. सी ड्राइव्ह हे विंडोजमधलं डिस्कचं नाव, मोबाइलमध्ये तो नसतोच.

या खोट्या इशाऱ्याचे दोन अवतार आहेत. पहिला जास्त घाबरवतो: अख्खी स्क्रीन व्यापणारं पान, भोंगा, इंग्रजीत बोलणारा आवाज, मायक्रोसॉफ्टचा लोगो आणि खाली मोठ्या आकड्यांत फोन नंबर. माउस अडकल्यासारखा वाटतो, कारण पानाने स्वतःचा खोटा बाण काढून ठेवलेला असतो. यातला फोन नंबर हीच खूण. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन सुटेल. मग ऑल्ट आणि एफ फोर. तरीही नाही बंद झालं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना "आधीची पानं परत आणू का" असं विचारलं तर नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरत असाल तर अशी पानं ओळखणारा स्केअरवेअर ब्लॉकर 2025 पासून त्यात आला आहे, तो सेटिंगमध्ये चालू आहे का ते बघून ठेवा.

दुसरा अवतार उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन. सगळ्यात जास्त घोळ याचा होतो, कारण विंडोजचा खरा अलर्टही त्याच कोपऱ्यात येतो आणि दिसायला जुळा भाऊ वाटतो. पण जरा वाकून बघा. ठळक अक्षरांत "विंडोज डिफेंडर" किंवा एखाद्या प्रसिद्ध अँटिव्हायरसचं नाव असेल, ढालीचं चित्रही असेल. ते सगळं पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं, त्यावर जाऊच नका. चौकोनाच्या अगदी वरच्या ओळीत बारीक अक्षरांत "गूगल क्रोम" किंवा "मायक्रोसॉफ्ट एज" दिसेल, आणि मजकुराखाली फिक्या रंगात एखादा विचित्र वेबसाइटचा पत्ता. या दोन बारीक ओळी त्याला बदलता येत नाहीत. वर ब्राउझरचं नाव दिसलं की ओळखायचं, ही वेबसाइट बोलतेय.

त्या वेबसाइटला परवानगी तुमच्याच घरातून मिळालेली असते. फुकट क्रिकेट किंवा मालिका बघायला एखाद्या साइटवर गेलात, तिने "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" म्हटलं आणि कुणीतरी अलाऊ दाबलं. रोबोट तपासायला अलाऊ कधीच दाबावं लागत नाही. उपाय मिनिटाभराचा आहे: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. अलाऊच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. आईबाबांच्या कॉम्प्युटरवर तर मी म्हणेन, कुठल्याच साइटला नोटिफिकेशनची परवानगी विचारता येऊ नये असंच सेटिंग करून टाका. त्यांचं काहीही अडत नाही. यासाठी मशीन फॉरमॅट करून पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरा अलर्ट शांत असतो. वर "विंडोज सिक्युरिटी" (डिफेंडरचे अलर्ट याच नावाने येतात) किंवा तुमच्या अँटिव्हायरसचं नाव, मजकूर कोरडा, घाई नाही, फोन नंबर नाही. आणि मुख्य म्हणजे त्याची नोंद राहते. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी टाइप करून उघडा आणि प्रोटेक्शन हिस्ट्री बघा. तिथे धोक्याचं नाव, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती आणि तिचं काय केलं, हे सगळं लिहिलेलं असतं. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या रिपोर्टमध्ये. नोंद नाही तर अलर्ट खोटा. "सबस्क्रिप्शन संपलं" या निरोपालाही हाच नियम: चौकोनावर क्लिक न करता अँटिव्हायरस स्वतःच्या हाताने उघडायचा आणि तारीख बघायची.

एक अपवाद ध्यानात ठेवा. धोकादायक साइटवर जाताना क्रोम स्वतःच लाल पान आडवं घालतो. ते खरं असतं. ते फक्त मागे फिरा म्हणतं. तुमच्या कॉम्प्युटरबद्दल काही बोलत नाही, कुठे फोन करायलाही सांगत नाही.

घरच्यांना खरा अलर्ट एकदा प्रत्यक्ष दाखवा, नुसतं सांगून डोळ्याला सवय होत नाही. त्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेची टेस्ट फाइल आहे. 68 अक्षरांची एक ओळ, जिच्यात व्हायरस मुळीच नाही, पण अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस मानतात. संस्थेच्या साइटवरून ती ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाकून सेव्ह करा. डिफेंडर लगेच अलर्ट देईल आणि फाइल उचलून बाजूला टाकेल. आईला शेजारी बसवून तो चौकोन दाखवा, मग हिस्ट्रीतली नोंद दाखवा. एखादा अँटिव्हायरस खरंच जागा आहे की नाही, हेही यात कळतं.

खरा व्हायरस भोंगा वाजवत नाही. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा प्रोग्राम, स्वतःहून समोर येतं, पण फाइलींना कुलूप लावून झाल्यावर. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम तर तोंडच उघडत नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर 2018 च्या ऑगस्टमध्ये मालवेअरचा, म्हणजे घातक प्रोग्रामचा, हल्ला झाला, एटीएमचे व्यवहार परस्पर मंजूर होत गेले आणि 94 कोटींहून जास्त रक्कम गेली. घरात हा माल बहुतेकदा क्रॅक केलेल्या, म्हणजे फुकट वापरायला कुलूप फोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून येतो. "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा" असं सांगणाऱ्या फाइलीला हातच लावू नका. अलर्ट खरा निघाला तर फाइल क्वारंटाइन होऊ द्या (म्हणजे वेगळी कोंडली जाऊ द्या), डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी) चालवा आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, ती काळजी मात्र जरूर करा.

मोबाइलचं थोडक्यात: ब्राउझरमधली व्हायरसची पाटी तिथेही खोटीच. खरा धोका व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलीचा (ॲप इन्स्टॉल करणारी फाइल), मग नाव चलनाचं असो, गॅसबिलाचं असो की लग्नपत्रिकेचं.

आणि घरात कुणी त्या भोंग्याच्या पानावरच्या नंबरवर फोन केलाच असेल तर रागावू नका. रागावलात की पुढच्या वेळी सांगणार नाहीत. पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो, आणि एकदा स्क्रीन त्याच्या हातात गेली की अँटिव्हायरस आडवा येत नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या फेब्रुवारीतच यावर इशारा दिला होता. आधी वायफाय बंद करा, मग ते ॲप काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, खातं आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येते, म्हणून सकाळची वाट बघू नका.