हँडलचा ट्रॅक्टर

हँडलचा ट्रॅक्टर : बॅटरी व सेल्फस्टार्टर नसलेला, हँडल किंवा फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) हाताने फिरवून सुरू करावयाचा जुना शेतट्रॅक्टर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक ट्रॅक्टर या प्रकारात मोडतात. नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचा विचार विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला वगळून करता येत नाही.

पहिला ट्रॅक्टर कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन फ्रोलिख यांनी १८९२ मध्ये बनविलेले यंत्र बहुतेक जण पहिले मानतात. इंग्रज लेखकांचा कल डॅन अल्बोन यांच्या ‘आयव्हेल’कडे (सुमारे १९०२) दिसतो. पेट्रोलवर पुढे व मागे दोन्हीकडे चालणे ही कसोटी लावल्यास फ्रोलिख यांचा दावा सरस ठरतो. सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील यंत्र म्हणून मात्र १९१७ पासून मोठ्या प्रमाणावर निघालेला ‘फोर्डसन’च विचारात घ्यावा लागतो, आणि तो हँडलचाच होता. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या सुमारास मोटारींत आला, तरी ट्रॅक्टरांनी तो उशिरा स्वीकारला. बॅटरी महाग होती व शेतातल्या हादऱ्यांत ती टिकत नसे, हे कारण नेहमी दिले जाते. त्याहून महत्त्वाचे कारण मॅग्नेटो हे असावे. मॅग्नेटो स्वतःच्या चुंबकावर ठिणगी पाडतो; त्यामुळे प्रज्वलनासाठी बॅटरीची गरजच उरत नव्हती.

मॅग्नेटोची अडचण अशी, की हँडलच्या संथ गतीत ठिणगी क्षीण पडते. शिवाय चालत्या इंजिनासाठी ती पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी पडेल अशी बसवलेली असते; सुरू करताना तसेच झाले तर इंजिन उलटा झटका देते. यावर ‘इम्पल्स कपलिंग’ हा उपाय निघाला. त्यात एक खटका मॅग्नेटोचा गाभा क्षणभर अडवून धरतो, तोवर स्प्रिंग ताणली जाते, आणि पिस्टन माथ्याजवळ आला की ती गाभ्याला एकदम फिरवते. ‘टक’ असा स्पष्ट आवाज होतो, ठिणगी जोरदार पडते आणि उशिराही पडते. एका स्प्रिंगने दोन्ही दोष काढणारी ही रचना यंत्रशास्त्रातील फार सुंदर युक्ती आहे. ती नसलेल्या इंजिनांवर मनगटे मोडत. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला वैद्यकात आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे, खाली दाबू नये.

रॉकेलवर चालणारी इंजिने आधी पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेत. १९२१ च्या जर्मन ‘लांझ बुलडॉग’ला ठिणगी नसे; इंधन पेटवणारा सिलिंडरच्या माथ्यावरचा पोकळ गोळा (हॉट बल्ब) आधी ब्लोलँपने तापवावा लागे. मग स्टिअरिंग दांड्यासह उपसून फ्लायव्हीलमध्ये बसवायचे आणि मागे-पुढे झुलवायचे. दोन धावांचे (टू-स्ट्रोक) हे इंजिन कधी उलट्या दिशेनेही चालू होई. मग पुढचा गिअर टाकला तरी ट्रॅक्टर मागे जाई.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबानेच हवा तापते. तो दाब हाताला आवरणारा नसल्याने व्हॉल्व्ह उघडा धरणारा डिकॉम्प्रेशनचा खटका असतो. नाशिककरांना ही क्रिया ट्रॅक्टरवरून नव्हे, विहिरीवरून माहीत झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी डिझेल इंजिन बनविले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. निफाड, दिंडोरी, चांदवड भागांतील विहीरबागायतीत मोटेची जागा अशा इंजिनांनी घेतली, आणि गावोगावी वीज पोहोचेपर्यंत ती टिकली. खटका उचलायचा, हँडलने चाकाला वेग द्यायचा, नोझलची (डिझेल फवारणाऱ्या तोटीची) करकर ऐकू आली की खटका पाडायचा आणि हँडल काढून घ्यायचे. ताकदीपेक्षा खटका पाडण्याच्या क्षणाला महत्त्व. महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाच्या बातम्या हिवाळ्यात वारंवार निफाडहून येतात. अशा पहाटे गार इंजिन दाद देत नाही. तेव्हा गरम पाणी ओतणे आणि सक्शनमध्ये तेलाचे चार थेंब सोडणे हे उपाय करतात. तेलाने रिंगांची फट बुजते व दाब धरतो.

ट्रॅक्टरांत हँडलकडून सेल्फकडे जाण्याचा बदल तोवर सुरू झाला होता. १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने निघालेल्या ‘फर्ग्युसन टीई-२०’ला गिअरच्या दांड्यानेच सेल्फ लागे, हँडल सोबत असे, पण अडीअडचणीपुरते. भारतात फरिदाबादला १९५९ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. महिंद्राच्या सहभागातील इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ ची. पुढील पिढीत सेल्फ हीच रीत झाली. बॅटरी उतरली तर ट्रॅक्टर उताराला लावून गिअर टाकणे सोयीचे पडते, कारण तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन हाताने फिरवणे अवघड असते.

जुना ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना मॅग्नेटोचे क्षीण झालेले चुंबक भारून घेणे आणि हँडल जिथे अडकते तो झिजलेला दात भरून घेणे, ही दोन कामे सहसा प्रथम निघतात. दात झिजला असेल तर भर जोरात हँडल निसटते. तेव्हा ते काम आधी करावे. लेथवरच्या कारागिराला ते अवघड नाही, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये असे कारागीर आहेत. हँडल आजही पॉवर टिलरला आहे. १३ अश्वशक्तीच्या आसपासच्या एक-सिलिंडरी टिलरला सेल्फ नसला तरी भागते.