अक्षय ऊर्जेत पुढे कोण?

एकूण ऊर्जावापरात अक्षय ऊर्जेचा वाटा किती, या कसोटीवर देशांची यादी लावली, तर वरच्या ओळींत आइसलँड दिसतो आणि त्याच्याही वर काँगो लोकशाही प्रजासत्ताक. काँगोचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक आहे. कारण तिथली बहुतेक ऊर्जा चुलीतल्या लाकडातून आणि लोणारी कोळशातून येते. झाड पुन्हा उगवते, म्हणून सरपणही अक्षय धरले जाते.

आइसलँडमध्ये दहातली सुमारे नऊ घरे भूगर्भातल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. काँगोतल्या बाईच्या वाट्याला मात्र धूर येतो. घरातल्या अशा धुराने जगभरात दरवर्षी लाखो माणसे दगावतात. उद्या तिच्या घरी गॅसची शेगडी आली, तर तिची फुप्फुसे वाचतील, पण देशाचा अक्षय वाटा घसरेल! जो आकडा या सुधारणेला पीछेहाट ठरवतो, त्यावरून देशांना गुण देणे मला अन्यायाचे वाटते. पारंपरिक सरपण वेगळे काढूनच तुलना व्हायला हवी.

दुसरी गफलत वीज आणि ऊर्जा यांची. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी पाण्यावर आणि वाऱ्यावर तयार होते, पण म्हणून तिथली सगळी ऊर्जा अक्षय ठरत नाही. जगाच्या अंतिम, म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पोहोचणाऱ्या, ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्साच आहे. बाकीची ऊर्जा मुख्यतः वाहनांत आणि उष्णतेसाठी थेट जळणाऱ्या इंधनांतून येते.

तिसरी गफलत जैवइंधनाची, म्हणजे पिकांपासून बनवलेल्या इंधनाची. त्याचे आकडे अनेकदा लिटरमध्ये दिलेले असतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, तर बायोडिझेल साध्या डिझेलच्या बरेच जवळ जाते. त्यामुळे ब्राझीलचे इथेनॉल आणि इंडोनेशियाचे पामतेलाचे बायोडिझेल लिटरला लिटर लावून मोजता येत नाही.

इथेनॉल सर्वाधिक बनवते अमेरिका, मक्यापासून. ब्राझील दुसरा. तिथे १९७५ पासून सरकारी कार्यक्रम आहे आणि २००३ पासून पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. ब्राझीलच्या उसापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांत वाफ आणि वीज चिपाडावरच तयार होते. अमेरिकेतल्या मक्याच्या कारखान्यांना मुख्यतः नैसर्गिक वायू जाळावा लागतो. म्हणजे एका लिटरमागे जळलेले खनिज इंधन दोन्हीकडे सारखे नसते. पामच्या लागवडीसाठी पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल कोरडी केली, तर हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जातो. वापराच्या तक्त्यात मात्र त्या तेलाचे लिटरही अक्षय म्हणूनच नोंदले जाते.