चकमक आणि तिची बातमी

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की पेपरात त्याला चकमक म्हणतात, बोलताना आपण सगळे एन्काउंटरच म्हणतो, आणि "त्याचा गेम झाला" एवढं म्हटलं तरी नाशकात सीबीएस बसस्टँडपासून पंचवटीपर्यंत कुणालाही कळतं. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडायची गारगोटी, एकटी कितीही वेळ हातात धरली तरी काही होत नाही, समोरून काहीतरी आपटावं लागतं. कोर्टात प्रत्येक वेळी भांडण नेमकं यावरच होतं, की समोरून आपटलं होतं का नाही.

कायद्यात एन्काउंटर नावाचा वेगळा अधिकार कुठेच नाहीये. अटक करताना माणूस विरोध करत असेल तर लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोपच नाही त्याचा जीव घ्यायचा हक्क पोलिसांना मिळत नाही (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४३). बाकी उरतो स्वसंरक्षणाचा हक्क, तो तुम्हाआम्हाला आहे तसाच पोलिसालाही आहे, आणि जमाव पांगवायला केलेला गोळीबार, त्याचे नियम वेगळे. २३ सप्टेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये १६ सूचना घालून दिल्या: खबर मिळाली तर ती कुठेतरी नोंदवायची, एफआयआर करायचाच, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या स्टेशनच्या टीमकडे द्यायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, घरच्यांना लवकरात लवकर कळवायचं, आणि शौर्य शंकेपलीकडे सिद्ध होईपर्यंत बक्षीस किंवा बढती द्यायची नाही. केस महाराष्ट्राचीच, मुंबईतल्या नव्वदच्या दशकातल्या चकमकींवरून उभी राहिलेली.

नाशिकचा या सगळ्याशी संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. राज्यातले फौजदार घडतात ते त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत, आणि १९८३ ची जी बॅच पुढे एन्काउंटर स्पेशालिस्ट म्हणून गाजली, प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, ती इथेच शिकून मुंबईला गेली. त्याआधी ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे मारला गेला होता, मुंबईची पहिली चकमक म्हणून तीच सांगतात. मग वीसेक वर्षं पेपरांनी अधिकाऱ्यांच्या नावापुढे आकडे छापले, क्रिकेटच्या स्कोअरसारखे, आणि आपण ते वाचलेही.

त्या बातम्यांची भाषा ठरलेली असायची, अजूनही आहे. "खबऱ्याकडून मिळालेल्या माहितीवरून सापळा रचला", "शरण येण्यास सांगितले असता गोळीबार केला", "प्रत्युत्तरादाखल", "साथीदार अंधाराचा फायदा घेऊन पसार", आणि सगळ्यात भारी म्हणजे "कंठस्नान". कंठस्नान घातलं म्हटलं की विषय संपला, पुढे कोण विचारणार. याचं कारण रिपोर्टर वाईट असतो असं नाही, रात्री अकराला प्रेसनोट येते, पान साडेबाराला सुटायचं असतं, घटनेच्या जागी जिवंत राहिलेले साक्षीदार म्हणजे पोलीसच, आणि क्राइम बीटवाल्याला उद्या परत त्याच पोलीस स्टेशनात बातमी मागायला जायचंय.

उलटी बाजू उशिरा येते आणि लहान येते. छोटा राजन टोळीचा म्हणवला गेलेल्या लखनभैयाला ११ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत वर्सोव्यात मारलं, त्याला उचलून नेल्याच्या तारा त्याच्या वकील भावाने आधीच पोलिसांना पाठवल्या होत्या. २०१३ ला १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले, शर्मा सुटले, मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांनाही जन्मठेप दिली आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या केसमधले चौघे मारले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळलेली सगळ्या चॅनलवर लूपमध्ये दिसली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने पोलिसांची गोष्ट अविश्वसनीय ठरवून १० जणांवर खुनाचा खटला चालवा म्हटलं, ते किती जणांना आठवतंय? बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या आरोपीला मुंब्रा बायपासवर पोलीस गाडीत गोळी लागली ती २३ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे त्या १६ सूचनांना बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी. मुंबईत "बदला पुरा"चे बॅनर लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा बॅनर नव्हता.

आता बातमी कुणाच्या मरणाची किती मोठी होते हे बघायचं तर जमावावरच्या गोळीबाराकडे बघावं. मावळात ९ ऑगस्ट २०११ ला तीन शेतकरी गेले, पण ते एक्स्प्रेसवेवर, मुंबई-पुण्याच्या मधोमध, कॅमेरे तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे चित्रण घराघरात पोचलं. आपल्याकडे नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या कांदा आंदोलनात निफाडच्या खेरवाडीला रेल रोकोत गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले, आज नाशिकच्या कॉलेजातल्या पोराला खेरवाडी विचारा, स्टेशनचं नाव म्हणून पण सांगणार नाही. मालेगावला ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकी मालावर बहिष्काराच्या पत्रकांवरून सुरू झालेल्या प्रकारात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली, त्याची बातमी "दंगल" या एका शब्दात मावली आणि दंगलीत मेलेला माणूस कुणाच्या हातून मेला हे वाक्यात यावंच लागत नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा जण गेले, तिथे मात्र वस्तीनेच विषय सोडला नाही म्हणून तो जिवंत राहिला. गडचिरोलीचं तर सगळंच लांबून. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरला नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत पहिल्या दिवशी १६ मृतदेह, मग इंद्रावतीत आणखी सापडत आणि लगेचच्या दुसऱ्या चकमकीतले धरून एकूण ४०, गट्टेपल्लीचे लोक सांगत होते की आमची पोरं लग्नाला निघाली होती, पण नाशिकला पोचलेला पेपर आकड्यावरच थांबला.

अलीकडे कॅमेरा पोलिसांकडेच आलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहरात पकडलेल्या गुंडांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" वदवून घेतलेले रील्स राज्यभर फिरले, लोकांना प्रचंड आवडले, मलाही पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. यात गोळी नाही, जीव गेला नाही, पण आरोपी आणि बघणारे यांच्यामध्ये रिपोर्टर पण नाही आणि कोर्ट पण नाही.

चकमकीनंतर जी दंडाधिकारी चौकशी होते तिची जाहीर नोटीस बऱ्याचदा पेपरातच येते, ज्यांना काही सांगायचंय त्यांनी अमुक तारखेला प्रांत कार्यालयात हजर राहावं अशी, आतल्या पानावर, नावात बदल आणि टेंडरच्या मध्ये, भिंग घेऊन वाचावी लागेल एवढ्या अक्षरात.